झोळीचं दुसरं टोक

खामगाव, ८ जानेवारी १९६६

भाऊ,

जयभीम. अक्षर ओळखून पाकीट न उघडताच बाजूला टाकलं नसशील असं धरून लिहिते. आठ वर्षांत तीन पत्रं पाठवली. एक परत आलं, दोन आली नाहीत. ती तू वाचलीस असंच मी समजते, कारण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी स्वतःच्या सोयीचं समजून घेते.

मला भांडण नको, माफीही नको. एक माहिती हवी आहे. बा ज्या जिनिंगमध्ये हमाल होता, तिथे प्रेसच्या खोलीबाहेर एक पत्र्याची पाटी होती. कारखाना तपासायला साहेब येणार असले की तिच्यावरची रूई झटकायचे. पुरुषाने किती वजन उचलायचं, बाईने किती, असे आकडे होते तिच्यावर. मी लहान असताना तू ते मला वाचून दाखवले होतेस आणि म्हणाला होतास, "हे पाटीले माहीत हाय, मुकादमाले नाई." बाईचा आकडा किती होता रे? तू अकोल्याला युनियनच्या कचेरीत बसतोस, तुला तोंडपाठ असेल. आणि तो आकडा दवाखान्याला लागू होतो का?

कशाला विचारते म्हणशील. त्याच जिनिंगवाल्या शेठजींच्या धर्मादाय दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची मी आता सिस्टर आहे. सिस्टर म्हणजे वीस खाटा, किल्ल्यांचा जुडगा आणि दोन आया. त्यातली जनकाबाई दिवाळीत घरी बसली, तिला वाकलं की सरळ होता येईना. तिच्या जागी कोणी दिलं नाही. उरली कोकिळा.

आमच्या वॉर्डात डॉक्टर सोडून कोणा पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, असा ट्रस्टचा नियम आहे. दारावर रंगवून लिहिलाय. त्यामुळे ऑपरेशनला न्यायची बाई आम्ही चादरीत घेतो. दोन टोकं एकीने पिळून धरायची, दोन दुसरीने, मधे पेशंट. याला आम्ही झोळी म्हणतो. पूर्वी चौघी धरायच्या. आता पायाकडे कोकिळा आणि डोक्याकडे मी. खाटेपासून दार, दारापासून तीन पायऱ्या खाली, मग पडवी. पडवीच्या टोकाला दोन वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन बिडी ओढत उभे असतात. ट्रॉलीला पायऱ्या चढता येत नाहीत आणि त्यांना नियम ओलांडता येत नाही.

काल कोकिळाने पाण्याची बादली उचलण्याआधी भिंतीला हात लावला. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं तिने पाहिलं. मग दोघीही कामाला लागलो.

आकडा तेवढा कळव.

सिंधू

&nbsp;

खामगाव, ३० जानेवारी १९६६

भाऊ,

तुझं कार्ड आलं. मोजून पाच ओळी, त्यात पत्ता धरला तर. तरी पोस्टमनच्या हातून घ्यायला मी अनवाणीच रस्त्यावर गेले, आता हस मला.

तू लिहिलेला आकडा वाचला. आमच्या वॉर्डातली सगळ्यात हलकी बाळंतीणही त्याहून जड भरेल. आणि वर तू म्हणतोस की तो कायदा कारखान्याचा, दवाखाना काही कारखाना नव्हे. म्हणजे रूईची गाठ उचलणाऱ्या बाईला पाटी आहे आणि बाई उचलणाऱ्या बाईला नाही. बरं झालं सांगितलंस. मी उगाच भिंतीवर पाटी शोधत होते.

शेवटची ओळ मात्र मी दोनदा वाचली. "कामावर कोणाला इजा झाली तर त्याच दिवशी रजिस्टरात लिही. कुठे, किती वाजता, सोबत कोण. ते नसलं तर पुढे कोणीच काही करू शकत नाही." हे तू मला कायदा म्हणून लिहिलंस की बाची आठवण म्हणून, ते कळलं नाही. मी विचारतही नाही.

कार्डात मायबद्दल एक अक्षर नाही. माय चुलीपुढून म्हणाली, "वाच न वं, काय लिवलं माह्या पंजाबनं?" मी वाचलं. त्यात "मायची तब्येत कशी आहे, तिला जप" असं माझ्या पदरचं घातलं. ती दिवसभर खुशीत होती. तिला वाचता येत नाही, हे किती सोयीचं आहे बघ.

मी मॅनेजर शालिग्रामजींकडे गेले होते. म्हटलं, तिसरी बाई द्या, नाहीतर पायऱ्यांवर उतरती फरशी टाकून घ्या, ट्रॉली खाटेपर्यंत येईल. ते चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, दहा वर्सं झाली दवाखान्याले. कोणी मेलं काय पायऱ्यांवर?" मी म्हटलं, जनकाबाई? "ते म्हातारी व्हती," म्हणाले. जनकाबाई पंचेचाळीसची आहे.

कोकिळा कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधते. तिला एप्रिलपासून कायम करणार आहेत आणि त्याआधी डॉक्टर तपासणार. म्हणून मला म्हणते, "शिष्टरबाई, कोणाले सांगू नका बरं. माही कंबर एप्रिलपर्यंत चालते." जणू कंबर तिने भाड्याने आणली आहे. मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की तशीच पट्टी कशी बांधायची ते तिला मीच दाखवलं होतं.

माझी कंबरही थोडी धरते. ते काही नाही, थंडी आहे.

एक गंमत सांगते. झोळी उचलताना आम्ही काय म्हणतो माहीत आहे? बा आणि त्याच्या जोडीचे कडूबाकाका रूईची गाठ उचलताना म्हणायचे तेच. पायाकडची विचारते, "धरलं?" डोक्याकडची म्हणते, "हाव." मगच उचलायचं. मी शिकवलं वॉर्डात. "हाव" ऐकल्याशिवाय कोकिळा बोटभर चादर उचलत नाही.

सिंधू

&nbsp;

खामगाव, १८ फेब्रुवारी १९६६

भाऊ,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. सांगायला दुसरं कोणी नाही.

सोनाळ्याच्या सत्यभामाबाई म्हणून एक पेशंट आल्या आहेत. पोटात गाठ आहे. भाजीपाल्याचा मळा, दोन सुना, आणि अंगाने चांगल्या भरलेल्या. खाटेवर बसल्या की खाट बोलते. कोकिळाची आणि त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. ती त्यांना म्हणते, "माय, ऑपरेशनपर्यंत जेवण कमी करा वं, मले तुमाले उचलाचं हाय." त्या म्हणतात, "तुले लुगडं घेईन, पण भाकर नाई सोडत."

ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे.

मी काल पुन्हा मॅनेजरकडे गेले. फक्त सोमवारी, फक्त पाच मिनिटं, दोन वॉर्डबॉय आत येऊ द्या, बाकी खाटांना पडदे लावते. तर म्हणाले, "आज पाच मिनटं, उद्या कायले नियम? शेठजीले काय सांगू?" मी सत्यभामाबाईंनाच विचारलं, पुरुषांनी उचललं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "चालते न बाप्पा. माह्या लेकावानी हायत ते." ज्यांच्या लाजेसाठी नियम आहे त्यांची काही हरकत नाही, आणि ज्यांची हरकत आहे ते कधी झोळीला हात लावत नाहीत. हेही मॅनेजरला सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमाले सिस्टर कोणं केलं ते इसरू नका."

ते मी विसरत नाही, भाऊ. तूही विसरत नाहीस.

तीन दिवस झाले, मला सकाळी उठताना आधी कुशीवर वळून, मग खाटेची पाटी धरून बसावं लागतं. डावा पाय मुंग्या आल्यासारखा होतो. हे मायलाही माहीत नाही. माझीही तपासणी होऊ शकते. एका सिस्टरची जागा भरायला मलकापूरपासून मुली अर्ज घेऊन बसल्या आहेत. आणि मी घरी बसले तर कोकिळा कोणाबरोबर उचलणार, असंही मी स्वतःला सांगते. त्यातलं किती खरं आणि किती सोयीचं, तूच ठरव.

आज वॉर्डाच्या पायऱ्या मी स्वतः घासून घेतल्या. मधल्या पायरीची कड झिजली आहे. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सिंधू

&nbsp;

खामगाव, २२ फेब्रुवारी १९६६

भाऊ,

कोकिळा काल पडली. मधल्या पायरीवर.

सत्यभामाबाई बऱ्या आहेत. ऑपरेशन झालं, गाठ काढली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, कारण कोकिळाने तिचं टोक सोडलं नाही. ती खाली, पाठ पायरीच्या कडेवर, आणि सत्यभामाबाई तिच्या अंगावर. वॉर्डबॉय धावत आले. काल नियम कोणाला आठवला नाही.

कोकिळाला पायांची जाणीव नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. ती म्हणाली, "टोचा न, काऊन थांबले?" तेव्हा टाचणी आत गेलेली होती.

तिला आज अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. नवरा निवृत्ती सोबत गेला आहे. तू तिथेच आहेस. जमलं तर एकदा जाऊन ये. कोणीतरी ओळखीचं दिसू दे तिला.

रजिस्टरात नोंद केली. तू म्हणाला होतास तशी, त्याच दिवशी.

सिंधू

&nbsp;

खामगाव, ५ मार्च १९६६

भाऊ,

तुझं पत्र आलं. दोन पानं. आठ वर्षांनी तू मला "सिंधू" म्हणून हाक मारलीस आणि ती अशा पत्रात यावी.

तू कोकिळाकडे गेलास, तीनदा गेलास, तिच्या नवऱ्याकडून अर्ज लिहून घेतलास. सरकारी कामगार अधिकारी गुरुवारी दहा तारखेला दवाखान्यात चौकशीला येणार हेही तूच घडवून आणलंस. आणि आता नोंदीची नक्कल मागतोस. "तू त्याच दिवशी लिहिलंस हे फार चांगलं केलंस, सगळं त्याच्यावर उभं आहे," असं लिहिलं आहेस. ते वाक्य मी सारखं वाचते आहे.

नक्कल करून पाठवते. माझ्याच अक्षरातली आहे:

"२१ फेब्रुवारी. आया कोकिळा ही घरी विहिरीवर पाणी भरताना पडल्याने पाठीस दुखापत. कामावर आल्यावर चक्कर येऊन बसली."

शालिग्रामजी शेजारी उभे होते. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. म्हणाले, "तिले काही कमी पडू देणार नाई शेठजी. पोरांचं पाहतीन. तुमी समजदार हा, सिस्टर, तुमाले पयले बी समजलं व्हतं." मी दौतीत टाक बुडवला. मला वाटलं होतं हात अडखळेल. अडखळला नाही, भाऊ.

आणि आता तू लिहितोस की कोकिळा तुला काय म्हणाली. "शिष्टरबाईची काई चूक नाई, माहाच पाय घसरला." तू ते कौतुकाने लिहिलंस, की बघ किती भली बाई आहे. ती भली आहेच. पण तिचा पाय घसरला नव्हता.

तिने विचारलं, "धरलं?" मी म्हणाले, "हाव."

मी धरलं नव्हतं. धरता येत नव्हतं. सकाळपासून डावा पाय माझा नव्हता. मी चादर उजव्या मनगटाला गुंडाळून घेतली होती आणि डावा हात नुसता लावला होता, दिसायला. पहिली पायरी उतरली. दुसरीवर कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मनगटावरची चादर सुटली. सगळं वजन खाली तिच्याकडे गेलं. तिने वर पाहिलं. रागाने नाही. "हाव म्हणाल्या न तुमी," एवढंच होतं तिच्या तोंडावर.

त्या "हाव"वर तिने पाऊल टाकलं होतं.

आता गुरुवार आहे. मी खरं सांगितलं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. नोंद खोटी आहे ही एक, आणि मी दुखणं लपवून झोळीला हात लावला ही दुसरी. पहिलीने शेठजी बोलतील, दुसरीने मला काढतील. आणि मॅनेजर म्हणणार की मग चूक सिस्टरची, दवाखान्याची कुठे? मी गप्प बसले तर कोकिळा विहिरीवर पडली, संपलं. तिच्या पायांसारखंच तिच्या अर्जालाही टोचलेलं कळणार नाही.

तू काय करावं ते लिहू नकोस. तुझं उत्तर येण्याआधी मला ठरवायचं आहे, नाहीतर मी पुन्हा दुसऱ्याने सांगितलेलं लिहीन.

सिंधू

&nbsp;

खामगाव, १३ मार्च १९६६

भाऊ,

आडवी पडून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं दिसेल.

गुरुवारी अधिकारी आले. टेबलावर रजिस्टर, एका बाजूला शालिग्रामजी, शेठजींचे वकील, आणि निवृत्ती बिचारा दाराशी टोपी हातात घेऊन. मला विचारलं, ही नोंद तुमची? मी म्हटलं, अक्षर माझं आहे, बोलणं मॅनेजरसाहेबांचं, आणि दोन्ही खोटं. मग सगळं सांगितलं. पाटीचं, जनकाबाईचं, चौघींच्या जागी दोघींचं, पायऱ्यांचं, नियमाचं. माझ्या मनगटाचं आणि माझ्या "हाव"चंही.

वकील उठले. "म्हणजे तुम्ही स्वतः कबूल करता की पेशंट तुमच्या हातून सुटली?" मी म्हटलं, हो. आणि उद्या तिथे दुसरी सिस्टर उभी असेल, तिच्याही हातून सुटेल. तेवढ्यात मागून सत्यभामाबाई आल्या. टाके काढायला थांबल्या होत्या. सुनेचा खांदा धरून म्हणाल्या, "मी व्हती न झोळीत. मले इचारा. मले पायरीवर टाकलं, इहिरीवर नाई." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि त्यांचा अंगठा घेतला. शाईचा तो अंगठा कागदावर उमटताना पाहिला आणि मला खोलीत थांबवेना.

त्याचं कारण आता सांगते. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी रूईची गाठ पाठीवर पडून बा अकराव्या दिवशी गेला. तू युनियनचा अर्ज घेऊन आलास तेव्हा मायने आधीच शेठजींच्या कागदावर अंगठा दिला होता. "घरी कौलं शाकारताना पडला." तू तिला म्हणालास, नवऱ्याचं मरण विकलंस. तेव्हापासून तू तिच्याशी बोलला नाहीस. ती कधी एक शब्द बोलली नाही, म्हणून तुला वाटलं तिला कळत होतं.

तिला कळत नव्हतं. कागद आला तेव्हा तिने माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वाच वं, काय लिवलं?" मी सतरा वर्षांची होते. मुकादमाने मला बाहेर गाठून सांगितलं होतं की मायचा अंगठा झाला तर शेठजी नर्सिंगला पाठवतील. मी कागद पूर्ण वाचला, मनात. आणि तिला म्हणाले, "मदतीचा कागद हाय. दे अंगठा." तिने दिला. तू घर सोडून गेलास तेव्हाही मी दारात उभी होते आणि बोलले नाही. माझी ट्रंक भरून ठेवली होती.

काल मी मायला हे सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवली. मग म्हणाली, "पंजाबले सांग. मले सांगून काय." आणि पुन्हा थापायला लागली.

मला कामावरून काढलं. कागद हातात दिला आहे, दुखणं लपवल्याबद्दल. ते खरंच आहे, त्यामुळे भांडता येत नाही. कोकिळाचं काय होईल ते अधिकाऱ्यांनी सांगितलं नाही. तू सोडणार नाहीस एवढं मला माहीत आहे. वॉर्डात दोन नव्या मुली घेतल्या, मलकापूरच्या. जनकाबाई भेटायला आली होती, तिने सांगितलं. उतरती फरशी नाही, तिसरी बाई नाही. नोंदीचं रजिस्टर आता मॅनेजरच्या कपाटात असतं. शनिवारी त्या दोघींनी झोळी उचलली. जनकाबाई पायऱ्यांशी उभी होती. म्हणाली, "काई बोलल्याच नाई त्या. न इचारताच उचललं." त्यांना शिकवायला कोणी उरलं नाही. पुढच्या बुधवारी तीन ऑपरेशनं आहेत.

आणि माझं असं आहे. शुक्रवारपासून कमरेतून उठवत नाही. पाय आहेत, दुखतात, म्हणजे कोकिळापेक्षा बरी. डॉक्टर म्हणतात अकोल्याला न्या. पण खाटेवरून टांग्यापर्यंत न्यायला माय एकटी आहे आणि मायची कंबरही साठीची. काल तिने चादर माझ्याखाली सरकवली, दोन टोकं पिळली आणि उभी राहिली. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. मग तिने पिळलेली टोकं सोडून दिली.

जलंबला गाडी बदल, दुपारच्या गाडीने ये. मायशी बोलायला नको, माझ्याशीही नको. तू डोक्याकडे धर, ती बाजू जड असते. माय पायाकडे असेल. तिने विचारलं की खरंच धरलं असेल तरच "हाव" म्हण.

सिंधू